वाचक : एक

रजिस्टर उघडलं की हाताला धूळ नाही, आधी तेल लागतं.
थॉर्नशॉ नगर वाचनालय, लँकेशायर, सन एकोणीसशे अकरा.
मी या नोंदी संगणकात भरते, तासाच्या पगारावर.
दुपारी दोननंतर हीटर बंद करतात.

नाव : झिला ऑर्मरॉड. धंदा : विणकरीण, चार माग.
पुस्तक क्रमांक आठशे सत्तेचाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक, तिरकं :
'कपाटातलं. मागितल्याशिवाय देऊ नये.'
दंड तीन पेन्स. पान एकशे बारावर वंगणाचा डाग.

कपाटातलं म्हणजे काय, ते कमिटीच्या इतिवृत्तात सापडलं.
बाई नवऱ्याचं घर सोडते
आणि शेवटच्या पानापर्यंत मरत नाही,
एवढाच आक्षेप.
आल्डरमन क्लेग म्हणाले, निदान तापानं तरी…
(हशा, असं तिथे लिहिलेलं नाही. मी हसले.)

तर ती काउंटरपाशी गेली असणार,
शनिवारी, गिरणी सुटल्यावर, केसांत कापसाचे तंतू,
आणि मोठ्यानं मागितलं असणार.
मोठ्यानंच. मागावरच्या बायकांना हळू बोलता येत नाही,
हे मला कुणी सांगायला नको.
मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत
भांडण आणि माया एकाच पट्टीत चालायची.

पुढचं सगळं एका टेपवर आहे,
तिच्या भाचीच्या म्हाताऱ्या आवाजात. मध्ये कुत्रा भुंकतो.
शेडमध्ये तीनशे माग, कानात काही शिरायचं नाही.
बायका ओठांनी बोलायच्या, डोळ्यांनी ऐकायच्या,
तोंड रबरासारखं ताणून.
झिलामावशी रात्री वाचायची, सकाळी सहाला सांगायची.
धोटा इकडून तिकडे जाईतो अर्धं वाक्य.
कांडी संपली की परिच्छेद.
मुकादमाला वाटे, बायका जांभया देतायत.

चौदा दिवसांत गोष्ट उरकली नाही.
दंड सहा जणींनी भरला, प्रत्येकी अर्धा पेनी.
झिलाला भरू दिला नाही.

पुढच्या मार्चमध्ये कमिटीनं पुस्तक काढून टाकलं.
कारण : 'मागणी नाही. वाचक : एक.'

मी खूप शोधलं. लेखिकेची आद्याक्षरं तेवढी आहेत,
त्यातलंही एक पुसट.

ऑक्टोबरमधला एक अर्ज आहे.
वाचनालयात लाकडी पडदीआड बायकांचं टेबल होतं,
त्यावर शिवणकामाची मासिकं आणि मिशनची पत्रकं.
वर्तमानपत्रं पडदीच्या अलीकडे.
त्यातल्या घोड्यांच्या शर्यती रोज सकाळी काळ्या शाईनं बुजवायचे;
उरलेलं जग पुरुषांना उघडं.
अर्ज साधा आहे : पडदी काढा,
संपाची बातमी आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून नको.
आणि मध्येच एक वाक्य, अर्जाला न शोभणारं :
'दार ढकलायला किती बळ लागतं ते आम्ही मोजलं आहे.
फार नाही.'
खाली सात सह्या. सातवी नुसती फुली.

वाक्य त्यांचं की आठशे सत्तेचाळीसमधलं?
मी त्यासाठी रकाना शोधते. तसा रकाना नाही.

पडदी तीन वर्षांनी निघाली.
सुताराच्या बिलावरून दिसतं,
कोळशाच्या खोलीला फळ्या हव्या होत्या.

टेपच्या शेवटाकडे मुलाखत घेणारा विचारतो,
आजी, त्या बाईचं पुढे काय झालं? गोष्टीतल्या?
मग बराच वेळ काही नाही.
फितीची घरघर. खुर्ची करकरते.
तो म्हणतो, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाहीये.
पुन्हा काही नाही.
ती सांगत असणार.
मी कान स्पीकरला लावते, मग काढून घेते,
आणि उगाचच यंत्राकडे बघत बसते,
जिथे तोंड असायला हवं होतं तिथे.