मू प्वारा

थोंगयॉंगच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
ओकजॉमबाईंचं सुक्या मासळीचं दुकान.
वरच्या खोलीत मी भाडेकरू,
दिवसा गोदीत जहाजांचे नकाशे तपासायचे,
रात्री पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं गिरवायची.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी माझा तळहात चाचपला,
त्यावर चिमूटभर मांदेली ठेवली
आणि म्हणाल्या, मू प्वारा.
वर जाऊन कोश उघडला.
मू म्हणजे खा. प्वारा म्हणजे बघ.
खाऊन बघ.
कोश मिटला.
इतकी समुद्रं ओलांडून आलो
आणि आमच्या ओट्यावरचा ‘बघ’
माझ्याआधीच इथं येऊन मासळी विकत बसलेला.

महिनाभर मी रोज सकाळी वाकून नमस्कार करत होतो,
न बोलता, शिष्टाचार म्हणून.
मग दुकानातल्या सेराननं सांगितलं:
त्यांना दिसत नाही. सात वर्षं झाली. काचबिंदू.
त्या दिवसापासून मी मोठ्यांदा खोकून वाकतो.

पण बघणं काही सुटलेलं नाही त्यांचं.
रश्शात बोट बुडवून मीठ बघतात.
काठी टेकत बाजार बघायला जातात, पिशवी भरून येतात.
सेरानचं तान्हं बघतात, ते झोपेपर्यंत,
नंतर त्याच्या आईचे दोष बघतात, म्हणजे
आपण ज्याला कुचाळक्या म्हणतो ते.
परीक्षा इथं बघायची असते. तोटाही बघायचा असतो,
आणि गेल्या थंडीत त्यांनी तो बराच बघितला.

त्यांनाही बघायला आले होते म्हणे,
शहरातल्या चहाघरात, मधे मध्यस्थ बसवून.
‘मग? कसा वाटला?’
‘मी कुठं मान वर केली! बशी बघत होते.
बशीवर निळा बगळा होता.’
थोडं थांबून:
‘बगळा बरा होता.’

पोइदा म्हणजे दिसणं. पोदा म्हणजे बघणं.
एक आपोआप घडतं, एक आपण करतो.
डॉक्टरच्या कागदावर पहिलंच तेवढं खोडलेलं.
दुसऱ्यासाठी रकानाच नव्हता.

मुलगा दोकमान फिजीच्या पलीकडे, ट्यूनाच्या बोटीवर.
महिन्यातून एकदा फोन, आवाज तुटक,
मागं इंजिनाची घरघर.
बाई शेवटी एकच म्हणतात: पोगो शिप्ता.
कोशात अर्थ दिलाय, आठवण येते.
शब्द सोलले तर आत निघतं,
बघावंसं वाटतं.
मी विचारलं नाही काही.
काही प्रश्न कोशाबाहेर काढू नयेत.

एकदा मीच बोलून गेलो:
आमच्याकडे कुणी यायचं असलं की वाट बघतात.
‘वाट? चालायची?’
हो.
‘वाटेवर काय असतं बघायला?’
काहीच नसतं. कुणी आलं की बघणं संपतं.
बाईंनी मांदेलीच्या ढिगातून एक खडा वेचला,
बोटांत फिरवला, टाकला.
‘म्हणजे रिकामी वाट बघायची.
ते मला जमेल.’

नोव्हेंबरात फोन आला नाही. डिसेंबरातही.
एका रात्री गोदीतून उशिरा परतलो,
तर दुकानाचं शटर अर्धं वर,
बाई प्लास्टिकच्या स्टुलावर, गळ्यापर्यंत गोधडी,
तोंड धक्क्याकडे.
सेरान हसत म्हणाली, विचारा त्यांना काय करतायत.
‘वाट बघतेय,’ बाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या,
आणि त्यांच्या भाषेत ते इतकं विचित्र वाटलं
की सेरानचं तान्हंही कळल्यासारखं खिदळलं.

मी म्हणालो, पण रस्ता मागच्या बाजूला आहे.
‘तो रस्त्यानं कुठं येतो?’ बाई म्हणाल्या. ‘पाण्यानं येतो.’

तो येईल तेव्हा विमानानं बुसानला उतरेल
आणि पुढं बसनं येईल,
हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.
मी बर्फाच्या खोक्यावर बसलो.
समोर काळं पाणी, एक हिरवा दिवा.
मला तेवढं दिसत होतं.