बास

हजार म्हणजे चाळीस जुड्या,
एका जुडीत पंचवीस.
हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात तेंदूची पानं,
आणि त्रेचाळीस वर्षं
बोटांनी बोटांना सांगितलेले आकडे.

ब्रँचमधला चेकर जुडी फोडून
दोन विड्या उजेडाला धरी, तीन फेकून देई.
छाट.
घरी येताना मीही तशीच बघायची सगळ्यांकडं,
नवऱ्याकडं, सासूकडं,
मार्कंडेयाच्या मूर्तीकडंसुद्धा.
ह्यातलं काय काय छाटायचं?

आता सूप माळ्यावर आहे.
कात्री सुनेनं कोथिंबिरीला घेतली.
पेन्शन येते. किती, ते विचारू नका,
मोजायला सगळी बोटं लागत नाहीत.
पण सवय जाते होय?
टीव्हीपुढं बसले की अंगठा तर्जनीवर फिरतो,
हवेचीच विडी वळतो.
नातू म्हणतो, अव्वा, जप करतीस का?
मी म्हटलं, व्हय.
खोटं बोलले.
रात्री पडल्या पडल्या वाटलं,
खोटंच कशावरून?

महादेवी हत्तरकी पहाटे तळ्यावर जाते,
सिद्धेश्वराला. म्हणते, चल की.
जाते. पायऱ्या मोजते, पाण्यातले बगळे मोजते,
तिच्या कपाळावरच्या विभूतीच्या रेघा मोजते.
तीनच असतात, रोज.
मागायला म्हणून तोंडात काही येत नाही.
भूमय्या दवाखान्यात होते तेव्हा
इतकं मागून झालंय
की शब्दच झिजून गेले.
मी नुसता वारा खाते
आणि तिच्याशी भांडते.
माझी तेलुगू, तिची कन्नड,
भांडण मात्र मराठीत.

मग तो बुधवार.
आमच्याकडं पाणी चौथ्या दिवशी,
तेही पहाटे तीनला, तासभर, कधी पाऊणच.
बोळ जागा होतो. मोटारी गुरगुरतात.
जुलेखाबी डोक्यावर ओढणी सावरत
पाइपाशी झटापट करते.
हौद, दोन ड्रम, अकरा घागरी,
मी मोजतच होते,
कुकर, पातेली, दुधाचा गंज,
शेवटी वाट्यासुद्धा.
आणि चार वाजले तरी नळ चालूच.
सव्वाचार.
जुलेखाबीचं भरलं. येमुलांचं भरलं.
कोपऱ्यावरच्या भाडेकरू पोरांचं,
ज्यांच्याकडं एकच बादली, ती तर कधीच.
कुणाकडं भांडं उरलं नाही.
सगळा बोळ नुसता उभा,
हात मोकळे,
आणि पाणी येतंय.

मी लुगडं वर खोचलं,
भेगांचे पाय नळाखाली धरले.
एप्रिल होता.
गार, इतकं गार की गुडघ्यापर्यंत
लहानपण चढलं.
येमुलांची पोरगी ओंजळीनं उडवायला लागली,
कुणी रागावलं नाही तिला.
आणि माझ्या तोंडून निघालं,
बास.
बास रे बाबा, बास.

जन्मात हा शब्द
मी कुणाला म्हटला नव्हता.
मजुरीला नाही, बोनसला नाही,
लग्नातल्या पंगतीत वाढप्यालासुद्धा नाही.
आता कुणाला म्हटला, ते
विचारलं नाही मी. वळून बघितलंही नाही.
घागरी अकरा का बारा,
तेवढं तेव्हापासून आठवत नाही.

नंतर कळलं, व्हॉल्व्हवाला झोपून गेलेला.
महादेवीला सांगितलं तर म्हणते,
मग झोप कुणी दिली त्याला?
एरवी मी भांडले असते.

उजाडलं तेव्हा कडक भाकरी काढली.
दात उरलेत पाच, तेही समोरासमोर नाहीत.
तुकडा ताकात टाकला,
वर चिमूटभर शेंगाचटणी,
तेल सुटून ताकावर लाल नक्षी झाली.
भिजेपर्यंत थांबावं लागतं.
पूर्वी असं थांबायला
रोजचे हजार आडवे यायचे.

वाटी बघत बसले.
अंगठा तर्जनीवर फिरत होता.
फिरू दिला.