खर्चाच्या बाजूला

सोडत हा शब्द गजभारे वकिलांनी सुचवला.
"लॉटरी म्हणू नकोस बापू,
पोलीस स्टेशन लै जवळंय."

सेलूत, पाथरी रोडवरचं गेमचं दुकान बंद केलं
त्या आठवड्यात उरले होते तीन कन्सोल,
एक खोक्यातून न काढलेला, दोन वापरलेले,
आणि भिंतीवर पोरांनी खिळ्यानं कोरलेले स्कोअर
जे घरमालकानं डिपॉझिटमधून कापून घेतले.

कर्णबधिर शाळेला बॅटऱ्या हव्या होत्या.
यंत्रं आली होती, बत्तीस, फीत कापून.
डाळीच्या दाण्याएवढ्या त्या बॅटऱ्या मात्र
आठ-दहा दिवसांत मरतात
आणि त्यांना कुठलंच हेड नाही, कालिंदीबाई म्हणाल्या.
हेड म्हणजे खातं. मला आधी डोकंच वाटलं.

तिकीट एक्कावन्न रुपये.
दुकानातला पैसे बोलणारा डबा उशाशी ठेवून झोपायचो,
रात्री-अपरात्री ती बाई सांगायची,
एक्कावन्न रुपये मिळाले.
मानवत, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड,
मग एकदम शारजा.
एकानं फक्त एक रुपया टाकून विचारलं, खरंय का?
दुसरा म्हणाला, बक्षीस तुमच्या मेव्हण्यालाच ना?
मला मेव्हणा नाही, असं कळवलं.
"मग साडू असंल."
तरी दोन तिकिटं घेतली त्यानं.

सोडतीच्या आदल्या दिवशी
मशिनी चालतात का बघायला शाळेत गेलो,
तिथला टीव्ही मोठा.
गाडी कठड्यावर आदळली
आणि चांदपाशानं, वय नऊ, रिमोट टाकलाच हातातून,
जणू त्यात कुणी जिवंत निघालं.
मग उचलला. छातीला लावला.
मग शेजारच्या पोरीच्या गालाला.
मग रांग.
जिंकायचं कुणालाच नव्हतं,
गाडी पुन्हा पुन्हा भिंतीवर घालत होते,
आणि ज्यांना स्वतःचा गलका ऐकू येत नाही
त्यांचा गलका
पार रेल्वे फाटकापर्यंत गेला असेल.

नऊशे बारा तिकिटं.
नंबर संगणकानं काढायचे होते, लोकांना पटेना,
म्हणून चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या पिंपात घातल्या,
मोबाइल पिंपावर धरून सगळ्यांना दाखवलं.
पहिला शारजाला.
दुसरा पूर्ण्याच्या एका गँगमनला.
तिसरा, चारशे सतरा, रत्नमाला घुगे, जिंतूर.

बाई एसटीनं आल्या.
खोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या,
"ह्याचे किती येतील? शिलाई मशिनीला मोटर बसवायलेय."
मला राग आला, कबूल करतो.
नंतर आठवलं, मी तरी सात वर्षं
त्याच डब्यांच्या जिवावर भाडं भरलं होतं.

चार दिवसांनी फोन.
"दादा, घेणारा म्हणतोय रिमोट दोन पायजेत.
एकच हाय. कामून?"

कामून ते मला तिथंच कळलं.

वसतिगृहात गेलो.
वायर नाही, मशीन नाही, कशालाच जोडलेला नाही,
तो छातीशी धरून पाशा कॉटवर बसलेला.
मी हातानं विचारलं, येतंय का काही?
मान हलवली. नाही.
पण दिला नाही.

हिशेब असा लावलाय:
जमा शेहेचाळीस हजार पाचशे बारा,
अधिक तो एक रुपया, खरंय का वाला.
खर्च, बॅटऱ्या, पावत्या सोबत.
खर्च, चिठ्ठ्यांचा कागद.
त्याखाली, माझ्या खिशातून,
रिमोट, जुना, नग एक, अठराशे.

कालिंदीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
हा कुठल्या हेडखाली?

मी पेन कानामागं खोवला
आणि बराच वेळ तिथंच राहू दिला.