एकास तीनशे वीस

झेरॉक्सच्या दुकानात कागद निघाला,
गरम होता, भाकरीसारखा दोन बोटांत धरला.
माझं नाव, पंचफुला मडावी,
वय सत्तेचाळीस (खरं कुणाला ठाऊक),
आणि खाली जाड ठशात
पॉझिटिव्ह.
पोरानं वाचलं. सुटे पैसे देताना
माझी बोटं चुकवली.

हा शब्द आमच्या गावात आधी तीनदा आलाय.
एकदा ट्रकवर जाणाऱ्या सुधाकरसाठी,
नंतर त्याच्या बायकोला बोअरिंगवर कुणी थांबू दिलं नाही.
एकदा कोरोनात, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे.
एकदा माझ्या सुनेसाठी,
तेव्हा पेढे वाटले होते.
यातला माझा कोणता?

जाऊ म्हणाली, "तुले कायचं निघालं वो?"
आणि उत्तराआधीच माझा पेला मोरीपाशी सरकवला.
हेडमास्तर म्हणाले, निगेटिव्ह येईपर्यंत
खिचडीला दुसरी बाई बघू.
वाईट नाहीत ते. घाबरले.

सुरुवात पौषातली.
तांदूळ धुताना बोटं पांढरी पडली,
मग निळी, मग लाल, मिरची लागल्यासारखी.
सकाळी मूठ वळेना. केस गळायचे,
कढईत पडू नयेत म्हणून पदर घट्ट बांधायची.

ब्रह्मपुरीच्या खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
"एकास तीनशे वीस. म्हणजे रक्त इतकं पातळ केलं
तरी खूण दिसतेच."
मी म्हटलं, कळलं.
त्यांना वाटलं, उगाच म्हणते.
पण मॅडम, चौदा वर्षं मी शाळेत वरण पातळ करतेय.
डाळ साठ पोरांची, हजर ब्याण्णव.
पाणी घाला, आणखी घाला,
जिभेला लसूण कळतोच.
लसूण कळला म्हणजे डाळ पुरली, असं मात्र नाही.

त्या हसल्या. मग विचारलं,
"घरी कुत्रं आहे?"
आहे. भुऱ्या.
"रात्री भुंकतो?"
रोज.
"रोज वाघ येतो?"
रोज कशाला येईल?
कधी डुक्कर, कधी वारा,
कधी माझाच नवरा, उशिरा परतलेला.
"मग हा कागद म्हणजे ते भुंकणं.
रक्तातला राखणदार घरच्यांवर भुंकतोय.
धडधाकट माणसातही भुंकतो कधी,
जन्मभर वाघ येत नाही."
आणि कधी येतो?
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"कधी येतो."

मग त्यांनी खोज पाहिले,
जंगलातला गार्ड पाहतो तसे, घाई न करता:
तोंडात फोड आहेत का, उन्हात गाल पेटतात का,
गुडघे, नखांची मुळं, लघवीची बाटली.
दुसरी तपासणी कोरी आली.
"नाव द्यावं एवढं अजून नाही,
सोडून द्यावं एवढं कमीही नाही.
थंड पाण्यात हात घालू नका. तीन महिन्यांनी या."

नाव नसलेलं दुखणं मांडीवर घेऊन
सिंदेवाहीच्या गाडीत बसले.
रोग आहे म्हणू तर खोटं,
नाही म्हणू तरी खोटं.
घरी एवढंच सांगितलं, लागत नाही कुणाला.
पेला मोरीपासून उचलला,
चुलीपाशी आपल्या जागी ठेवला.
जाऊ काही बोलली नाही. पुसलाही नाही.

त्या रात्री भुऱ्या फार भुंकला.
घोंगडी डोक्यावरून घेतली, बॅटरी घेतली,
बोडीच्या काठाकाठानं गेले.
चिखलात पंजा नव्हता.
माझीच पावलं होती, सकाळची,
पाण्यानं भरलेली.
परतले तर अंगणात तो माझ्यावरच धावून आला,
दात दिसले.
नावानं हाक मारली.
शेपूट लगेच हलली.
गुरगुर थांबायला
थोडा वेळ लागला.