दात

तेंदूच्या फडीवर मुन्शी चुकला, तेव्हा कळलं.
सत्तर पानांचा पुडा, पुडे एकशे त्रेचाळीस.
"दहा हजार दहा,"
जैतू कोवेची झुनकी म्हणाली,
टेंभरं चोखत.

मग पाचवीत बसवली तिला.
पाय टेकत नव्हते, खाली विटा लावल्या.
तालुक्याचे साहेब आले,
हारात तिचं तोंडच बुडालं,
फोटोत नुसता झेंडू.

एकदा मी गुपचूप दहावीचा पेपर दिला.
शेवटच्या गणितापाशी ती थांबली.
अडली वाटतं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

उत्तर लिहून झालं होतं.
बाजूला रक्ताचा बारीक ठिपका,
आणि उघड्या तळहातावर
दुधाचा दात.

"गुरुजी, कवेलूवर फेका ना.
माहा हात नाई पुरत."