रोज एक मेंढी

शेवटची बस शिराझकडे वळते
आणि मुर्गाबच्या मैदानात उरतो मी,
माझी विजेरी, थर्मासमधला चहा,
आणि सहा पायऱ्या चढून वर बसलेलं
ते दगडी घर,
ज्यात कोणी राहत नाही.

मागच्या हिवाळ्यात तेहरानच्या एक बाई आल्या होत्या, मोजमापाची फीत घेऊन.
म्हणाल्या, राजाच्या या कबरीला तेव्हाही पहारेकरी होते.
बापामागे मुलगा, मुलामागे नातू.
सरकारातून त्यांना मिळायची
रोज एक मेंढी, ठरलेलं पीठ, ठरलेली दारू,
आणि महिन्याकाठी एक घोडा,
राजाच्या नावानं बळी द्यायला.
मी हसलो. बाईंना कळलं नाही का ते.
मेहर महिन्याचा पगार
आबान सरत आला तरी आलेला नव्हता.
घोडा सोडाच,
मोटारसायकलची चेन बदलायची राहिली होती.

आत सोन्याची पेटी होती, म्हणे,
सोनेरी पायांचा पलंग, जांभळे अंगरखे.
परकी फौज येऊन गेली
त्या धामधुमीत सगळं गेलं.
पहारेकऱ्यांना धरलं, हालहाल केले,
त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.
किंवा त्यांना ठाऊकच नव्हतं.
हे मला नीट समजतं.
कुंपणाची तार चोरीला गेली तेव्हा
मीही ठाण्यात तीन तास बसलो होतो,
काहीच माहीत नसल्यासारखा.
आणि खरंच नव्हतं.

सोनं संपल्यावर लोक सांध्यांकडे वळले.
चिऱ्याला चिरा धरून ठेवणारे
पाकोळीच्या शेपटीसारखे आकडे
कुणी नांगरासाठी खणून नेले, कुणी बंदुकीच्या गोळीसाठी.
आता तिथे भोकं आहेत, माझी मूठ जाईल एवढी.
तरी चिरा चिऱ्याला सोडत नाही.
सवयीनं उभे आहेत,
भांडण विसरलेल्या नवरा-बायकोसारखे.

माझी आत्या गुलअंदाम
हिला राजाची कबर मानायचीच नाही.
तिच्या लेखी ही सुलेमानच्या आईची जागा.
बायाच जायच्या आत, पुरुषाला उंबरा वर्ज्य.
कुत्रं चावलं, कूस उजवेना, मेंढ्यांचं दूध आटलं,
की आत दोरी बांधायची,
दोरीला चिंध्या, आरशाचे तुकडे, पितळी घंटा.
मग शहरातून माणसं आली, दोऱ्या कापल्या,
भिंती धुतल्या, फलक लावला.
आत्या फलकापाशी किती तरी वेळ उभी. वाचता येत नव्हतं तिला.
"आईचं नाव पुसून लेकाचं लिहिलं का रे?"
"लेकाचं नाही आत्या, दुसऱ्याच कुणाचं. राजा होता मोठा."
"मग तोही कुण्या आईचाच असेल की,"
म्हणाली, आणि चपला पायात सरकवून
गावाकडे निघून गेली.

शरदातल्या एका दिवशी आता रस्ताच बंद करतात.
वरून हुकूम येतो, कारण येत नाही.
कुंपणाच्या आत मी एकटा,
आणि दूर वळणावर थांबवलेल्या गाड्यांचे दिवे,
एकामागे एक, पार पुल्वार नदीच्या पुलापर्यंत.
कुणी तिथूनच हात उंचावतं.
मला उगाच वाटतं, मलाच हाक मारतायत.

एकदाच शिरलो मी आत.
हुसेनवर्दीचं करडू पायऱ्या चढून
त्या बुटक्या दारातून घुसलं होतं, म्हणून.
केवढीशी खोली! आमच्या घरी यात
दोन गाद्याच मावल्या असत्या.
एका भिंतीवर कुणीतरी नमाजाची दिशा कोरलेली,
कोपऱ्यात पक्ष्याची शीट,
आणि वर, हाताला जेमतेम लागेल अशा फटीत,
एक पितळी घंटा,
धुणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली.

करडू काखेत धरून मी बाहेर आलो.
सकाळी साहेब जीपमधून उतरले,
म्हणाले, आतून काही वाजल्यासारखं येतं का रे रात्री?
मी वही पुढे केली.
त्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं:
काही नाही. वारा.