तेलपाणी

प्रतापनगरच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
बाबांनी गाड्यांच्या सांध्यांना तेल दिलं.
साबणाने रगडून रगडूनही
नखांत काळं राहायचंच;
प्रभुभोजनाच्या भाकरीवर एकदा
त्यांचा अंगठा उमटला होता.

सयाजी हॉस्पिटल, खाट बावीस.
पाळक मकवाणा स्कूटरवरून आले,
ऑलिव्हची कुपी घरीच विसरून.
माझ्याकडे शेंगतेल होतं, बाबांच्या टाचांसाठी,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
त्यांनी त्यावरच हात ठेवला,
गुजरातीत प्रार्थना केली,
आणि कपाळावर बोट ओढलं, उभं, मग आडवं.

ओघळ भुवईपर्यंत आला.
बाबा डोळे न उघडता म्हणाले,
‘थेंबाचं काम होतं, पास्टर.’

शब्बाथ शाळेत मी पाठ केलं होतं:
ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त.
राजे, याजक, शिंगात भरलेलं तेल.
शेजारच्या खाटेवरचा रामसिंगभाई विचारत होता,
माथु दुखे छे?
मी नुसती मान हलवली.

पहाटे त्यांना नेताना
स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरायला लागलं.
बाटलीत चमचाभर उरलं होतं.
मी वाकून त्यालाच घातलं.
चुकलं असेन तर असेन.

लिफ्टपर्यंत
बाबा अगदी बिनआवाज गेले.